एसीचं पाणी

डिस्टेंपरची वीस लिटरची बादली,
बुडाला तापल्या सळईनं पाडलेली पाच भोकं,
आणि तिच्यात अनंत.
रोपवाटिकेतले इंगोले म्हणाले होते,
परभणीत नका लागू याच्या नादी.
कण्हेर न्या, बोगनवेल न्या,
शिव्या दिल्या तरी फुलतात.

मी हेच आणलं.

पहिल्या वर्षी काळ्या मातीत पाय रुतले त्याचे.
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
पिवळ्या कापडावर कुणी हिरव्या दोऱ्यानं
टीप घातल्यासारखी.
(फॉल-पिको करते मी, मला असंच दिसतं.)
पुढच्या खेपेला माहेरून, उदगीरहून,
लाल माती आणली बियाण्याच्या पिशवीत.
कंडक्टर म्हणाला, मावशी, काय आहे यात?
म्हणलं, माती.
त्यानं लगेजचं तिकीट फाडलं
आणि गंगाखेडपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

मातीचं भागलं. पाण्याचं राहिलं.
आमच्या बोअरचं पाणी असं
की पातेल्याला आतून चुना धरतो,
डाळ शिजता शिजत नाही.
इंगोले म्हणाले, त्याला आंबट लागतं, ताई.
ताक, लिंबू, चिंचेचं पाणी.
मी हसले. म्हणलं, म्हणजे डोहाळेच की,
नववा महिना न लागणारे.

मग ह्यांना सुचलं.
बसमत रोडच्या एटीएमवर रात्रपाळी ह्यांची.
एसीची नळी मागच्या भिंतीवर गळायची
थेंब थेंब, रात्रभर, गटारीत.
त्या पाण्याला चव नाही, क्षार नाही.
ह्यांनी तेलाचा रिकामा कॅन लावला.
सकाळी साडेसहाला सायकलच्या हँडलला
हिंदकळत यायचा तो.
लोकांचे पैसे थंड राहावेत म्हणून गळालेलं पाणी
आमच्या दारात.

चार उन्हाळे काढले असे.
चार बांबू, वर हिरवी जाळी, खाली ओलं गोणपाट,
आणि न्हाव्याकडून आणलेल्या बाटलीनं
दुपारी दोनदा पानांवर फवारा.
बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस,
लोक उन्हाचे आकडे सांगायचे
आहेर मोजल्यासारखे.
कळी धरली की बादली हलवायची नाही.
सावली फिरली तर जाळी फिरवायची.
नाहीतर टाकतं कळ्या, हिरव्याच.

आणि वास सुटायचा रात्री.
नऊच्या पुढं असा सुटायचा
की भिंतीपलीकडच्या हसीनाभाभी
टीव्हीचा आवाज कमी करायच्या.
हे तिकडं, लोखंडी खुर्चीवर,
काचेच्या दारापाशी.
सकाळी येईपर्यंत वास विरलेला.
ह्यांनी फूल नाकाशी धरायचं,
म्हणायचं, आहे की, थोडा आहे.
मग पडदा ओढून झोपायचं.

यंदा मे महिन्यात बँकेनं मशीनच उचललं.
आता सगळे फोनवरून देतात म्हणे, चहाचे सुद्धा.
कंपनीचा माणूस युनिफॉर्म परत घेऊन गेला,
शिट्टी मागायची विसरला.
नळी लटकतीय अजून भिंतीवर, कोरडी.

त्या रात्री हे घरी.
इतक्या वर्षांनी अंधारात घरी आलेल्या माणसाला
कुठं बसावं कळत नव्हतं.
दाराच्या पायरीवर बसले,
ड्यूटीवर बसतात तसे, पाठ ताठ,
रस्त्याकडं तोंड करून.
अनंताला तीन कळ्या. एक सुटत आलेली.
मी काही बोलले नाही.
साडेनऊ झाले असतील.
ह्यांनी मान वळवली,
मागून कुणी आत शिरलंय का बघावं तशी.
मग उठले, बादलीशी उकिडवे बसले,
हात न लावता, बराच वेळ.
म्हणाले, हे रोज असं?
म्हणलं, रोज नाही. फुललं की.

कॅनच्या तळाला दोन बोटं पाणी उरलंय.
लिंबू दहाला तीन झालंय.
हसीनाभाभींनी आज भिंतीवरून विचारलं,
पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरचा एसी
कुठं गळतो, बघितलंय का?